मामा तलावाची दुरुस्ती

२४ सप्टेंबर, लाखनी

आज तिसऱ्यांदा विचारलं गेलं, "पुण्याची काय?" मी म्हटलं, मॉरिशसची. चहावाले काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, "हाव, पन बोलते पुण्यासारखी." हे बाबांना कळलं तर आठवडाभर त्यांचे पाय जमिनीला लागणार नाहीत. वाकोआच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना मराठी शिकवली आणि घरी मला. व्याकरणासकट.

पत्रकारितेची पदवी झाल्यावर तीन महिने परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करायचं ठरवलं, तेव्हा अर्जात मी लिहिलं होतं, 'जिथे माझी मराठी उपयोगी पडेल तिथे.' मला वाटलं मुंबई मिळेल. मिळालं लाखनी, जिल्हा भंडारा, साप्ताहिक 'बांधी'. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे छोटे बांध, घातलेल्या धानाच्या तुकड्याला इथे बांधी म्हणतात. कार्यालय म्हणजे हायवेला लागून असलेल्या छापखान्यामागची एक खोली. ट्रक गेला की टेबलावरचा पेला सरकतो.

संपादक भोजराज सर. त्यांच्याच घरी वरच्या खोलीत माझी सोय केली आहे. जेवताना त्यांनी विचारलं, "वनिशा लक्ष्मण. लक्ष्मण हे वडिलांचं नाव झालं. आडनाव?" मी सांगितलं, तेच आडनाव. माझे खापरपणजोबा कोकणातून बोटीने गेले, उतरल्यावर कारकुनाने नाव विचारलं, ते म्हणाले लक्ष्मण. तेव्हापासून आम्ही सगळेच लक्ष्मण. सरांच्या पत्नी देवकाबाई पोळी वाढता वाढता थांबल्या. "म्हंजे तुह्या नावावरून कोनाले काहीच समजत नाही. बरं हाय ते."

का बरं आहे, ते विचारायचं राहिलं.

२७ सप्टेंबर

देवकाबाईंनी बाजारातून सांबार आणायला सांगितलं. मी नाक्यावरच्या हॉटेलातून इडलीबरोबरचं सांबार आणलं, चांगल्या दोन पिशव्या, गरम. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. सर आणि देवकाबाई दोघेही काही न बोलता जेवले. भाताबरोबर सांबार चांगलं लागलं.

३० सप्टेंबर

भूपेंद्रच्या मोटरसायकलवर एकोडीला गेले. भूपेंद्र 'बांधी'चा एकुलता एक बातमीदार. घरची धानाची शेती सांभाळून बातम्या आणतो, म्हणून त्याच्या बातम्यांना कधी कधी चिखल लागलेला असतो.

एकोडीत कृष्णराव नावाच्या शेतकऱ्यांनी तलाव दाखवला. केवढा तलाव! काठोकाठ पाणी, कमळं, बगळे. आणि पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, या बाजूला धानाच्या बांध्यांना भेगा पडायला लागलेल्या. पाऊस लवकर थांबला. तलावाचं लोखंडी फाटक ज्या दांड्याने वर उचलतात तो गंजून जाम झाला आहे. "मामा तलाव भरून हाय, आन् खाली धान वाळून राहिला," कृष्णराव म्हणाले. "धान आता निसवून राहिला. लोंबीत दूध भरायच्या टायमाले एक पानी भेटलं नाही, त सारा पोचट जाईल."

पाळीवर एक म्हातारी बसली होती. तीही काहीतरी सांगत होती, पण तोवर भूपेंद्रला फोन आला आणि आम्ही निघालो.

माझी पहिली बातमी. डोक्यात मथळासुद्धा तयार आहे.

३ ऑक्टोबर

छापून आली. पहिल्या पानावर, तीन रकान्यांत, खाली 'वनिशा लक्ष्मण यांजकडून'. सर दोन दिवस बपेऱ्याला साडूंकडे गेले होते आणि भूपेंद्र शेतावर, त्यामुळे पान माझ्याच भरवशावर छापायला गेलं. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी तो वाकोआतल्या साऱ्या मराठी मंडळींना पाठवला.

४ ऑक्टोबर

सकाळपासून फोन वाजतो आहे.

मी लिहिलं होतं, 'एकोडी येथील शेतकरी कृष्णराव यांच्या मामांच्या मालकीच्या तलावाचे फाटक उघडत नसल्याने…'

मामा तलाव म्हणजे कुणाच्या मामाचा तलाव नाही. माजी मालगुजारी तलाव. मा. मा. जुन्या काळी मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले, आता सरकारचे. या जिल्ह्यात ते शेकड्यांनी आहेत आणि दुसरीतल्या मुलालाही हे माहीत आहे. एकाने फोनवर विचारलं, असे मामा आमच्या गावाला मिळतील का. कृष्णरावांचे खरेखुरे मामा साकोलीजवळ राहतात, त्यांनी भाच्याला विचारलं, तलाव माझ्या नावावर कधी झाला, मला कळवलं कसं नाही.

सर बपेऱ्याहून आले, बातमी वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रागावले आहेत. वळले तेव्हा डोळे पुसत होते. "पुढच्या अंकात दुरुस्ती छापू," म्हणाले. "चूक मोठ्या अक्षरात गेली, त दुरुस्तीही मोठ्याच अक्षरात."

५ ऑक्टोबर

खोलीतून बाहेर पडले नाही. परतीच्या विमानाची तारीख बदलता येते का ते पाहिलं. येते.

संध्याकाळी देवकाबाई चहा घेऊन वर आल्या. त्या मूळच्या बालाघाटच्या, मध्य प्रदेशातल्या, हे मला आज कळलं. लग्न करून आल्या तेव्हा एक शब्द मराठी येत नव्हता. सासूबाई काही बोलल्या की आधी हव, म्हणजे हो, म्हणायच्या आणि मग दिराला विचारायच्या की मी कशाला हव म्हटलं. "एकदा असंच हव म्हटलं, आन् मालूम पडलं का मी सव्वा महिन्याचे सोमवार धरले."

गोष्ट छान होती, पण माझी अडचण वेगळी आहे. त्यांचं कुणी छापून तर आणलं नाही.

८ ऑक्टोबर

कार्यालयाच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, खांद्यावर टॉवेल, हातात घडी घातलेला 'बांधी'. एकोडीहून साकोली, साकोलीहून लाखनी, दोन एसट्या बदलून एकटी आली होती. पाळीवर बसली होती तीच.

"थे मामावाली तूच का?"

"हो, आजी. माझी चूक झाली."

"चूक त झालीच." त्या खुर्चीवर नाही, पायरीवर बसल्या. "पन तलावाचं नाव पेपरात आलं. तीन सालापासून अर्ज देऊन राहिले पोरं. कागदात तलावाचा नुसता नंबर असते. आता लिहाले घेतलंच, त बरोबर लिही. उद्या ये. सकाळी ये, ऊन चढल्यावर नोको येऊ."

त्यांचं नाव गोदावरीबाई. कृष्णरावांच्या आई. सरांनी चहा मागवला तर म्हणाल्या, पयले पोरीले द्या, तिचा चेहरा पाह्य कसा झाला.

तिकिटाची तारीख तशीच ठेवली.

९ ऑक्टोबर

एकोडी. सरपंच डिंपलताई भेटल्या, वय असेल एकोणतीस. अर्जांची फाइल त्यांनी तारखेनिशी लावून ठेवली आहे. कृष्णराव आणि आणखी चार शेतकरी बोलले. सुमारे चाळीस एकर धान धोक्यात. हे सगळं पक्कं, प्रत्येक शब्द दोनदा विचारून घेतला.

मग गोदावरीबाई. त्यांना मी एकच प्रश्न विचारला, लोखंडी फाटक बसायच्या आधी काय होतं. मला खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं, बाकीचे माझ्याकडे पाहून हसले. त्यांनी चाळीस मिनिटं उत्तर दिलं. सासरे तलावाचं पाणी वाटायचे, गावात त्यांचा फार मान. शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं, तर ह्या हाताला धरून न्यायच्या. मग जुना तुडुम, त्याच्या पायऱ्या, बूच, कुठल्या पायरीला पाणी किती लागायचं, त्यांचं लुगडं कसं भिजायचं, घरी आल्यावर सासू कशी बोलायची. मधेच सासऱ्यांना आवडणाऱ्या माशांचं कालवण. मी दोनदा विषयावर आणायचा प्रयत्न केला. माणूस म्हणून फार गोड, पण बातमीच्या दृष्टीने ते रेकॉर्डिंग वायाच गेलं.

१० ऑक्टोबर

दुरुस्ती आणि बातमी दोन्ही छापली. यावेळी छापायच्या आधी सगळी बातमी फोनवरून डिंपलताईंना वाचून दाखवली होती. एकही हसणारा फोन आला नाही. थोडं सुनं सुनं वाटलं.

१४ ऑक्टोबर

बातमी वाचून तलावांचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयातले इंजिनिअर आज तलावावर येऊन गेले. तरुण, सभ्य माणूस. दांडा पाहिला, हात लावला, हात काळा झाला. म्हणाले, अख्खा दांडा बदलावा लागेल, मागवून बसवायला महिना तरी. त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही हे मला आवडलं. पण कृष्णराव लोंबी हातात घेऊन उभे होते. दाणा बोटाने दाबला की थोडंसं पांढरं दूध येतं. "याले महिना नाही," म्हणाले. "याले आठ दिवस."

बातमी छापून आली की प्रश्न सुटतात असं मला शिकवलं होतं.

१५ ऑक्टोबर

आता जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी काही काम नव्हतं. भूपेंद्र म्हणाला, गोदावरीबाईंचं रेकॉर्डिंग लाव, तिच्या बोलण्यातले शब्द तुला शिकवतो, पुन्हा मामा व्हायला नको. ते वायाच गेलंय म्हणत मी लावलं. तो एक एक शब्द सांगत होता. तुडुम म्हणजे तलावातून पाणी बाहेर सोडायची जुनी दगडी बांधणी. आतल्या अंगाने पायऱ्या, दर पायरीला एक भोक, भोकात लाकडी बूच. बूच काढलं की पाणी पाळीखालच्या मोरीतून शेतात. मी वहीत लिहीत होते. अचानक तो बोलायचा थांबला.

"मागं घे."

मी मागे घेतलं. गोदावरीबाईंचा आवाज: "सासऱ्याले त दिसे नाही. वरून सांगे, गोदा, दुसऱ्या पायरीचं काढ. मीच उतरो. आठ साल मीच काढले बूच. पन गावाले वाटे, बुढा काढते."

"आणखी मागं."

"लोखंडाचं आलं तवा जुना तुडुम बुजवला नाही, बाई. तसाच सोडला. बेशरमाच्या झुडपात हाय. कोनी पाहाले गेलं नाही."

भूपेंद्र उठून उभा राहिला. त्याने तो अकरा मिनिटांचा भाग तिसऱ्यांदा ऐकला आणि मग मला विचारलं, "तुले हे वाया गेलं वाटलं?"

इतकी लाज मला मामांच्या वेळीही वाटली नव्हती.

१६ ऑक्टोबर

एकोडीच्या ग्रामपंचायतीत बैठक. डिंपलताईंनी रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. गोदावरीबाई दाराजवळ बसून स्वतःचा आवाज ऐकत होत्या, जणू शेजारणीबद्दल कुणी बोलतंय.

कृष्णरावांना सर्वात जास्त धक्का बसला. "माय, आठ साल तू उतरे? आबा नाही?"

"त्याले दिसे कुठं?"

"मंग तू सांगितलं काहून नाही?"

"कोनी विचारलं?"

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शंका काढली, आणि ती खरीच होती. इतक्या वर्षांनी बूच काढलं आणि पुन्हा बसलंच नाही, तर सारा तलाव रिकामा होईल. जनावरांचं, उन्हाळ्याचं पाणी जाईल. डिंपलताईंनी पेन खाली ठेवलं.

गोदावरीबाई तिथूनच म्हणाल्या, "सबन कायले जाईल? वरच्या पायरीचं बूच काढलं, त त्याच्या वरचंच पानी जाते. तिथवर उतरलं का आपोआप थांबते. तलावाचं पोट तसंच राहाते. म्हनून त पायऱ्या हायेत."

इंजिनिअरांना फोन लावला. ते म्हणाले, बरोबर आहे. आणि म्हणाले, मी येतो, मला पाहायचंय.

ठराव झाला. मी लिहून घेतला.

१७ ऑक्टोबर

सकाळपासून पन्नासेक माणसं कुऱ्हाडी, विळे, फावडी घेऊन बेशरमाच्या मागे लागली. सर सकाळीच मला म्हणाले होते, बातमीदारानं बाजूला उभं राहून पाहायचं, बातमीत उतरायचं नाही. दुपारी मी पाहिलं तर ते स्वतः धोतर खोचून गाळाची घमेली पुढे देत होते. मीही रांगेत लागले. माझ्या आधी कृष्णराव, माझ्यानंतर डिंपलताई.

दुपारच्या जेवणाला पाळीवर भात, वरण, आणि तळलेली छोटी मासळी. मला एवढी भूक कधी लागली नव्हती.

दिवस मावळायच्या आत शेताच्या बाजूची मोरी मोकळी झाली. आत हात घातला तर दगड गुळगुळीत, जणू काल बांधला.

१८ ऑक्टोबर

आज उघडलं.

सगळ्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, वरची तेवढी पाण्यातून अंधूक दिसत होती. कृष्णराव कमरेला दोर बांधून तयार होते. गोदावरीबाईंनी टॉवेल डोक्याला बांधला, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात पाय टाकला.

"माय, तू कायले उतरते? मले सांग, मी काढतो."

"सांगता येत नाही मले," त्या म्हणाल्या. "माह्या पायाले मालूम हाय, तोंडाले नाही."

कृष्णरावांनी एक हात धरला, दुसरा मी. पाणी थंड होतं. त्या वरच्या पायरीवर उतरल्या, थांबल्या, पायाने चाचपलं, डावीकडे थोडं सरकल्या. पाणी त्यांच्या कमरेला लागलं. डोळे मिटलेले होते. मग म्हणाल्या, "हे पाह्य. इथं."

कृष्णरावांनी बुडी मारून तिथे सब्बल, म्हणजे पहार, लावली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले. मला पायाखाली, दगडातून, काहीतरी हलल्यासारखं वाटलं. काळं, माणसाच्या मांडीएवढं बूच पाण्यावर तरंगत आलं आणि त्या जागी पाण्याला एक बारीकसा भोवरा पडला.

पाळीपलीकडे मोरीच्या तोंडाशी भूपेंद्र उभा होता. आम्ही सगळे त्याच्या आवाजाची वाट पाहत होतो. तो ओरडेचना. नंतर कळलं, आधी चिखल आला, मग दोन बेडूक, मग काही वेळ काहीच नाही. आणि मग पाणी आलं.

सगळे पाळीवर चढून त्या बाजूला धावले. जवळच्या बांधीवाल्याने लगेच आपला धुरा फोडायला फावडं उचललं. गोदावरीबाई ओल्या लुगड्याने पाळीवर उभ्या होत्या. "थांब," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "पयले शेवटच्या बांधीले. मंग तिकून इकडे. बुढ्याचा नियम होता."

तो माणूस थांबला. बुढ्याचा की बुढीचा, हे कुणी विचारलं नाही. पाणी सगळ्यांच्या शेजारून शेवटच्या बांधीकडे गेलं आणि माणसं त्याच्याबरोबर चालत गेली, वरातीत चालतात तशी. इंजिनिअर बूट हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे.

घरी आल्यावर लक्षात आलं, मी एकही फोटो काढला नव्हता.

२४ ऑक्टोबर

सर माझ्यावर फोटोवरून रागावले, आणि ते अगदी बरोबर होतं. शेवटी डिंपलताईंच्या फोनमध्ये एक सापडला, हललेला, त्यात फक्त चिखलाने भरलेले दोन पाय. तोच छापला. खाली ओळ: 'आठ वर्षे तलावाचे पाणी सोडणाऱ्या गोदावरीबाई.' मथळा सरांनी दिला, 'मामा तलावाची दुरुस्ती', आणि स्वतःच हसत बसले.

अंक घेऊन एकोडीला गेले. तीन बांध्या सोडून सगळीकडे पाणी पोचलं आहे, उद्या त्यांनाही मिळेल. वरची पायरी कोरडी दिसते आहे, पाणी त्यांनी सांगितलं होतं तिथेच थांबायला आलं आहे.

गोदावरीबाईंना वाचता येत नाही, म्हणून ओसरीवर बसून सगळी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. कृष्णराव, सूनबाई, शेजारी, सगळे जमले. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. वाचून झाल्यावर मी वाट पाहत राहिले.

"हे त सारं मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "यात नवं काय?"

सगळे हसले. मी म्हटलं, "आजी, बाकीच्यांना माहीत नाही ना. दुसऱ्या गावांतल्या."

"मंग मले कायले वाचून दाखवते? त्यायले दाखव."

मला वाटलं त्या थट्टा करत आहेत.

२७ ऑक्टोबर

थट्टा नव्हती. सकाळी भूपेंद्र आणि मी एकोडीला पोचलो, तर त्या धुतलेलं लुगडं नेसून, अंकाची घडी काखेत घेऊन रस्त्यावर उभ्या. "चाल," म्हणाल्या. मी उतरले, त्या भूपेंद्रच्या मागे बसल्या. मी डिंपलताईंच्या स्कूटीवर.

पलीकडच्या गावात मारुतीच्या देवळासमोर पारावर वीस-पंचवीस माणसं जमली. मी बातमी वाचली. माझी पुस्तकातली मराठी ऐकून काहींनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं, पुण्याची काय. गोदावरीबाईंनीच उत्तर दिलं, "आमची हाय. वाच तू."

वाचून झालं. लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, आमच्या तलावाचंही फाटक तसंच आहे, पण आमच्या इथे जुनं काही उरलं नाही. माणसं उठायला लागली. माझं मन खट्टू झालं.

तेवढ्यात देवळाच्या भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी, कुंताबाई, काठी घट्ट धरून म्हणाली, "उरलं नाही कसं? मी पाहिलं हाय ना."

उठलेले पुन्हा बसले. तिच्या नातवाने म्हटलं, आजी, तुला काय माहीत. ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. ती गोदावरीबाईंकडे पाहत होती. गोदावरीबाई तिच्याजवळ जाऊन मांडी घालून बसल्या आणि मला हाताने बोलावलं.

मी वही काढली, फोन काढला, तोंड उघडलं. पहिला प्रश्न मी रात्रीच तयार करून ठेवला होता.

"मशीन सुरू कर," गोदावरीबाई म्हणाल्या. "आन् मधात बोलू नोको."